वामननानांचा एक ठोसा

वामननानांना कोणी नमस्कार केला, तर ते हात जोडत नसत. दोन्ही मुठी हनुवटीशी घेत, डावा खांदा जरा पुढे काढत आणि मान तिरपी करून म्हणत, "गार्ड वर, बाई!" मी त्यांच्याच शाळेत भूगोल शिकवत होते आणि जळगावात त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होते, म्हणून हा प्रसंग माझ्यावर रोज यायचा. हातात दुधाची पिशवी असो की उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, तो खाली ठेवून मला मुठी वर घ्याव्या लागत. त्याशिवाय नाना रस्ता सोडत नसत.

"गार्ड खाली, माणूस खाली" हे त्यांचं ब्रीद. ते त्यांनी शाळेच्या व्यायामशाळेच्या भिंतीवर गेरूने लिहून घेतलं होतं, आणि कुणाच्याही लग्नात वधूवरांना ते हाच आशीर्वाद द्यायचे. नवऱ्यामुलाला तो कळायचा नाही, नवरीला लगेच कळायचा.

खेळाचे मास्तर म्हणून नानांनी खो-खो, कबड्डी वगैरे किरकोळ खेळ कधी मनावर घेतले नाहीत. शिकवायचं तर बॉक्सिंग. शाळेने हातमोजे घेऊन दिले नाहीत, तेव्हा नानांनी उशांचे अभ्रे मागवले, त्यात कापूस कोंबला आणि मनगटाशी सुतळी बांधली. "कापसाच्या मुलखात मोज्यांची वानवा कशाला?" असा त्यांचा सवाल होता. पोरं तासभर एकमेकांना उशांनी बडवत आणि वर्गात येऊन माझ्या तासाला झोपत. घरोघरी अभ्रे नाहीसे झाले तेव्हा आया मुख्याध्यापकांकडे आल्या, त्यांनाही नानांनी गार्ड शिकवला.

खऱ्या मोज्यांचा एकच जोड नानांकडे होता. तांबड्या कातड्याचा, तडे गेलेला, त्यांच्या ओट्यावर खिळ्याला टांगलेला. खंडेनवमीला लोक आपापली अवजारं पूजतात, तसे नाना ते मोजे पाटावर मांडत, हळदकुंकू वाहत आणि झेंडूचं फूल अंगठ्यात अडकवत. त्याच पाटावर नानी, म्हणजे त्यांची बायको, गुपचूप लाटणं आणून ठेवायची. "घरात रोज चालणारं शस्त्र हे एकच आहे," ती मला म्हणायची, "त्यांचं नुसतं टांगलेलं."

पूजा झाली की गोष्ट. ती ऐकल्याशिवाय कोणाला प्रसाद मिळत नसे. कॉलेजात असताना नाना धुळ्याला बॉक्सिंगच्या स्पर्धेला गेले होते. शेवटच्या सामन्यात समोर धुळ्याचा युसुफ पिंजारी. गादीवाल्याचा मुलगा, कापूस पिंजून पिंजून खांदे तयार झालेले. घंटा वाजली, नाना दोन पावलं पुढे सरकले, उजव्या हाताचा एकच ठोसा, आणि युसुफ आडवा. बस. मूळ गोष्ट एवढीच होती. पण दर खंडेनवमीला ती अंग धरत गेली. आधी युसुफ जागेवर पडायचा, पुढे तो दोरांवर पडायला लागला, मग दोरांच्या बाहेर. मी जळगावात आले त्या वर्षी तो पंचांच्या मांडीत पडला होता. जळगावहून सामना पाहायला कोणी गेलं नव्हतं आणि धुळ्याहून सांगायला कोणी आलं नव्हतं, त्यामुळे युसुफने कुठे पडायचं हे सर्वस्वी नानांच्या हातात होतं.

आम्ही हसायचो, पण पाठीमागे. कारण नानांकडे दुसरं काही नव्हतं. ना बढती मिळाली, ना पुरस्कार, ना शाळेने धड निरोप समारंभ केला. त्या एका ठोशावर माणूस ताठ चालत होता. भाजीवाला त्यांना 'पहिलवान' म्हणून चार मिरच्या जास्त टाकायचा, ते त्या ठोशामुळेच. तो काढून घेतला तर नानांचं काय उरलं असतं, हे नानीला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि नानांना तर होतंच.

निवृत्तीनंतर पुण्याच्या मुलाने त्यांना जुना लॅपटॉप पाठवला आणि त्यातून दोन संकटं एकदम घरात शिरली. पहिलं सेलिब्रिटी बॉक्सिंग. परदेशात कुठला तरी आजोबा झालेला जगज्जेता आणि त्याच्या नातवाच्या वयाचा व्हिडिओवाला एकमेकांना मारतात आणि अर्धं जग ते पाहतं, हे नानांनी पाहिलं आणि त्यांची झोप उडाली. मी त्यांना म्हटलं, "नाना, ह्यात ज्याला बॉक्सिंग येतं तो म्हातारा आहे, आणि जो तरुण आहे त्याला बॉक्सिंग येत नाही." नाना म्हणाले, "बाई, म्हणूनच ते जळगावात चालेल."

दुसरं संकट एआय. त्याच्याशी मराठीत बोलता येतं आणि ते सांगाल ते करून देतं, असं मुलाने दाखवून दिलं. नाना त्याला 'एआयभाऊ' म्हणत. एआयभाऊ नानांचं बोलणं मध्येच तोडत नसे, जांभई देत नसे, आणि प्रत्येक वाक्याला "फारच छान कल्पना आहे, नाना!" म्हणत असे. चाळीस वर्षांच्या संसारात असलं काही नानांच्या कानावर पडलं नव्हतं. "सवत आणली," नानी म्हणाली, "आणि तीही शुद्ध बोलणारी."

ह्या भाऊच्या मदतीने नानांनी बॉक्सिंगचा व्हिडिओ गेम करायला घेतला. नाव ठेवलं 'एक ठोसा'. पहिल्या दिवशी दोन्ही बॉक्सर दोरांमधून चालत बाहेर गेले आणि आभाळात जाऊन मारामारी करू लागले. दुसऱ्या वेळी पंचाला तीन हात आले. तरी नाना खूश होते. हळूहळू रिंगण जमिनीवर आलं, तांबडे मोजे आले, तरुण नाना आले. त्यांच्या पोटावर जे स्नायू होते ते मूळ नानांवर कधीकाळी असतील असं नानीलाही आठवत नव्हतं.

एकदा दुपारी मी भरिताचा रिकामा डबा परत द्यायला गेले, तेव्हा नाना लॅपटॉपला युसुफ समजावून सांगत होते. मी दारातच थांबले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "तो उजवा हात दाखवतो. नुसता दाखवतो. तुझी नजर उजव्यावर गेली की डावा खालून येतो. कानाच्या जरा पुढे, जबडा जिथं उघडतो ना, तिथं लागतो. आधी दुखत नाही काहीच. आधी गुडघे जातात. मग दिवे."

एका ठोशात आडव्या झालेल्या युसुफने हा डावा हात मारला कधी, असा प्रश्न मला पडला. पण भूगोलाच्या बाईने इतिहासात नाक खुपसू नये म्हणून मी डबा ओट्यावर ठेवून परत फिरले.

एआयभाऊने सांगितल्याबरहुकूम युसुफ बनवला, आणि तो युसुफ कोणाला ऐकेना. उजवा दाखवायचा, डावा मारायचा, तरुण नाना आडवे. नाना दिवसभर खेळले आणि दिवसभर पडले. शेवटी वैतागून त्यांनी हुकूम सोडला, "युसुफनं पहिल्याच ठोशाला पडायचं. कायम." भाऊ म्हणाला, "फारच छान निर्णय, नाना! यामुळे खेळ अधिक प्रेरणादायी होईल." तेव्हापासून नानांनी कुठलंही बटण दाबलं की युसुफ पडायचा. एकदा तर चहाचा कप ठेवताना बशीचा धक्का लागला, तरी पडला. "रेकॉर्डप्रमाणे झालं आता," नाना समाधानाने म्हणाले.

मग ठरली 'खान्देश सेलिब्रिटी बॉक्सिंग'. शाळेच्या मैदानावर. सेलिब्रिटी दोन. एक बंटी धमाका, अहिराणीत विनोदी रील करणारा, ज्याला फोनवर लाखो लोक ओळखत आणि गल्लीत कोणी उसनं देत नसे. दुसरे फैजपूरचे पिंटूशेठ, केळीचे व्यापारी आणि गेल्या पंधरवड्यापासून युवा नेते. दोघांनाही बॉक्सिंग येत नव्हतं आणि दोघांनाही हरायचं नव्हतं. सामना बरोबरीत सुटेल असं नानांनी दोघांनाही वेगवेगळं, विश्वासात घेऊन सांगितलं होतं.

रिंगणाचे खांब मंडपवाल्याचे, खाली मंगल कार्यालयाच्या गाद्या. माझ्याकडे शाळेची पितळी घंटा आणि लाकडी हातोडी दिली होती, म्हणून मी अगदी दोराजवळ बसले होते. पडद्याआड डफ वाजत होता. निवेदकाने एआयभाऊने लिहिलेला नानांचा परिचय तारस्वरात वाचला, 'खान्देशचा पोलादी ठोसा' इथपासून, आणि त्याच जोशात शेवटची ओळही वाचली, "आपल्याला हवे असल्यास मी हे भाषण आणखी छोटे करू शकतो!" संध्याकाळभरात सगळ्यात जास्त टाळ्या त्या वाक्याला पडल्या.

मग मोठ्या पडद्यावर 'एक ठोसा' दाखवला. तरुण नाना आले, युसुफ आला, ठोसा बसला, युसुफ पडला. पोरं ओरडली, "पुन्हा! पुन्हा!" पुन्हा पडला. तेवढ्यात बंटी माइक घेऊन पुढे आला आणि जळगावकरांकडे टाळ्या मागू लागला. "राम राम मंडई! आज बठ्ठा जयगाव आठे जमेल शे, मंग नानासाठे एक सरप्राइज नको का? धुयाथीन आनेल शे, पेशल! टाया वाजाडा, युसुफ पिंजारी!"

पहिल्या रांगेतून एक उंच, वाकलेले, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ उठले. म्हणजे ते मघापासून तिथेच बसले होते. स्वतःला पडताना दोनदा बघून झालं होतं त्यांचं. ते शांतपणे पडद्याकडे बोट करून म्हणाले, "अच्छा बनाया वामन. नाक थोडा बड़ा कर दिया मेरा."

मी नानांकडे पाहिलं. त्यांचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. इतक्या वर्षांत त्यांचा गार्ड इतका खाली मी पाहिला नव्हता. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

तरी सगळं निभावून गेलं असतं, जर सत्कार नसते. नानांना मैदानावरची एकच रीत ठाऊक होती, जत्रेतल्या कुस्त्यांची. तिथे जोड लागण्याआधी पहिलवानाला शाल आणि नारळ देतात. इथेही दिले. फक्त कुस्तीतल्या पहिलवानाचे हात मोकळे असतात, आणि बंटी अन् पिंटूशेठ मोजे चढवून, सुतळ्या बांधून तयार उभे होते. पिंटूशेठनी नारळ पोटाशी धरून कसाबसा सांभाळला. बंटीचा सटकला आणि थेट त्याच्या अनवाणी अंगठ्यावर आला. तो जो ओरडला, तसा आवाज त्याच्या एकाही रीलमध्ये नव्हता. खान्देशातल्या पहिल्या सेलिब्रिटी बॉक्सिंगमधली एकमेव दुखापत ही नारळाने केली.

बंटीचा अंगठा सुजला, सामना गेला. पिंटूशेठनी "खेळाडूवृत्ती" वगैरे बोलून घाईघाईने मोजे काढले. गर्दी मात्र खवळली. लोक खुर्च्या सोडून दोरांशी आले. तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या, बर्फात पाय ठेवून, बंटीने माइकवरून तोडगा काढला. "मंडई, नाना शेतस, युसुफचाचा शेतस! व्हई जाऊ द्या!"

"नाना! नाना!" सगळं मैदान एका सुरात ओरडायला लागलं. नाही म्हणायला वावच नव्हता. ओट्यावरचे तांबडे मोजे कोणीतरी घरून आणले, नानीच्या हातून काढून घेऊन, आणि त्यामागोमाग नानीही मैदानावर आली. नाना दोरांखालून आत आले. एका ठोशावर उभं केलेलं सगळं आयुष्य आता समोरच्या म्हाताऱ्याच्या मर्जीवर होतं.

युसुफभाई चढले. आधी त्यांनी पायाने गादी दाबून पाहिली आणि धंद्याच्या माणसाला साजेसं तोंड वाकडं केलं. "कापूस बैठ गया इसका. पिंजना पडेगा." मग त्यांनी पिंटूशेठनी काढलेले मोजे घातले आणि मी घंटा वाजवली.

दोघं एकमेकांभोवती सावकाश फिरले. युसुफभाईंनी उजवा हात दाखवला. नुसता दाखवला. नानांची नजर तिकडे गेली आणि त्याच क्षणी डावा खालून आला, आणि नानांच्या कानाच्या जरा पुढे, जबडा उघडतो तिथे, हळूच टेकला. मारला नाही, पोराच्या गालावर हात ठेवावा तसा टेकला. मी हाताच्या अंतरावर होते, म्हणून मला ऐकू आलं. "इदरीच लगा था ना, वामन?"

 नानांचा उजवा हात भीतीने म्हणा, सवयीने म्हणा, पुढे आला. तो कुठेही लागला नाही. आणि युसुफभाई त्या बसलेल्या कापसावर, सांध्यांचा आवाज करत, उताणे पडले.

मैदान फुटलं. नाना वाकून त्यांना उठवायला गेले, तर युसुफभाई डोळे मिटूनच पुटपुटले, "रहने दे. लोगां देख रे." पंचाने दहा आकडे मोजले, नानांचा हात वर केला. पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. नानी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, मी डोळे फाडून बघत होते. लागला कुठं हो?" मी म्हटलं, "गर्दीमुळे मला दिसलं नाही."

आता नानांकडे पुरावा होता. शेकडो फोनवर त्यांचा तो ठोसा होता, बंटीने त्यावर ढोलताशे टाकून तो गावभर केला होता. धरणगावपासून अमळनेरपर्यंत लोकांनी पाहिला. मला वाटलं, आता येत्या खंडेनवमीला प्रसादासोबत पडदा लावतील. पण झालं उलटंच. नानांनी ती गोष्ट सांगणं बंद केलं. कोणी विषय काढला की ते पाणी प्यायला उठत. सत्काराला बोलावणी आली, गेले नाहीत. भाजीवाल्याने मिरच्या जास्त टाकल्या, तर पिशवीतून काढून परत ठेवल्या. खंडेनवमीला पाटावर लाटणं एकटंच होतं. "बाई," नानी मला म्हणाली, "इतकी वर्षं ऐकून कान किटले होते माझे. पण आता घर खायला उठतं हो." मला तेव्हा नानांचा रागच आला. इतकी वर्षं आम्हाला फुकट गोष्ट ऐकवली आणि आता ऐकायची सवय लागल्यावर बंद.

नाना मात्र लॅपटॉपसमोर बसून असत. एका रविवारी मी गेले, तेव्हा त्यांचं एआयभाऊशी वाजलं होतं. पहिल्यांदाच. नानांनी त्याला काहीतरी बदल सांगितला होता आणि तो म्हणत होता, "नाना, खेळणाऱ्यांना आपला नायक पहिल्याच फेरीत हरलेला आवडणार नाही. त्याऐवजी मी शेवट अधिक प्रेरणादायी करू का?" नाना ओरडले, "तुला काय कळतं रे? तू होता का तिथं?" त्यावर भाऊ म्हणाला, "आपलं अगदी बरोबर आहे, नाना!" आणि बदल करून मोकळा झाला. नानांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. पडद्यावर घंटा वाजली. युसुफने उजवा दाखवला, डावा आला, तरुण नाना गुडघ्यांवर आले आणि मग कुशीवर. नानांनी बटणांवरचे हात उचलून मांडीवर ठेवले होते. पंच दहापर्यंत मोजेस्तोवर ते तसेच बसून राहिले.

त्यानंतर माझी बदली आमच्या संस्थेच्या अमळनेरच्या शाळेत झाली. निघायच्या दिवशी सकाळी मी जळगावच्या बसस्टँडवर सामान घेऊन उभी होते, तर शेजारी लागलेल्या धुळ्याच्या गाडीत खिडकीशी नाना. मांडीवर लॅपटॉपची बॅग, पायाशी भरिताच्या वांग्यांची पिशवी, नक्कीच नानीने दिलेली, आणि पिशवीतून डोकावणारे ते तांबडे मोजे. मी सामान खाली ठेवलं आणि मुठी हनुवटीशी घेऊन ओरडले, "गार्ड वर, नाना!"

ते हसले. हात काही बॅगेवरून उचलले नाहीत.

"कुठे निघालात?"

"धुयाले. युसुफले गेम दखाडना शे." इतक्या वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदाच घरच्या अहिराणीत बोलले.

"नवीन की जुना?"

"खरा," नाना म्हणाले. ड्रायव्हरने गाडी सुरू केली तशी त्यांनी खिडकीची काच आणखी मागे सारली आणि बाजारातून भाजी घेऊन येतो म्हणावं इतक्या सहज म्हणाले, "हारी येस जरा. सांजनी गाडीले परत."